स्पष्टवक्ता यांच्या कमेंटला उत्तर

स्पष्टवक्ता, दिव्यांग मुलांना परीक्षेत मिळणारा रायटर (म्हणजे सांगितलेली उत्तरं लिहून देणारा लेखनिक) आणि ज्यादा वेळ यांवरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत की दिव्यांगांच्या आरक्षणाचा आकडा चुकलाय, तासाला २० मिनिटं जास्त दिली की बाकीच्या मुलांवर अन्याय होतो, खोटी सर्टिफिकेटं घेऊन फिरणारे खूप आहेत, आणि शेवटी "हे रडगाणं बंद करा". उत्तर द्यायचंच नाही असं दोन दिवस ठरवलं होतं पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

आकड्याचं मान्य. उच्च शिक्षणात ४ टक्के असं मी लिहिलं होतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३२ प्रमाणे तिथे किमान ५ टक्के आहेत, ४ टक्के सरकारी नोकरीत. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, थँक्यू.

आता रडगाणं. मला जन्मापासून कमी दिसतं. चष्मा लावूनही फळा कधी वाचता आला नाही, शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घ्यायचे, ती आली नाही की त्या दिवशीचं गणित गेलं. दहावीला रायटर म्हणून नववीतली मुलगी मिळाली. मनापासून लिहायची हो ती, पण त्रिकोणमिती तिने पाहिलीच नव्हती, थीटा कसा काढतात इथपासून मी सांगायचे, ती लिहायची, मग वाचून दाखवायची, मग मी खोडायला लावायचे. आकृतीचं तर विचारूच नका, एक स्पर्शिका काढायला किती वाक्यं लागतात ते एकदा डोळे मिटून दुसऱ्याकडून काढून घेऊन बघा. त्यात केंद्रावर सांगितलं की ज्यादा वेळेचं पत्र आलेलं नाही. येत असलेले दोन प्रश्न तसेच राहिले. तेव्हा मी कोणाकडे रडले नाही, कारण कोणाकडे तक्रार करायची हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. आज इतक्या वर्षांनी लिहिलं तर त्याला तुम्ही हा शब्द वापरता? माझं म्हणणं खोडा, पण असं बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि रायटर देणं ही मेहेरबानी तर तेव्हाही नव्हती. १९९५ च्या जुन्या कायद्यातसुद्धा कलम ३१ मध्ये अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक द्यायचाच असं होतं. आताच्या कायद्याच्या कलम १७ मध्ये ज्यादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं स्पष्ट लिहिलंय. ती २० मिनिटं जास्त विचार करायला नसतात, सांगण्यात आणि वाचून घेण्यात जो वेळ जातो तो भरून काढायला असतात, यात दुसऱ्या कोणाचं काय जातं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने यूपीएससीच्या एका केसमध्ये सांगितलं की किमान ४० टक्के दिव्यांगत्व नाही एवढ्यावरून रायटर नाकारता येणार नाही, त्या मुलाला लिहिताना हाताला क्रॅम्प यायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेला बसलेल्या एका मुलीची केस आली, डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातच अडचण, तिला हक्काचा ज्यादा १ तास केंद्रावर दिलाच नाही. कोर्टाने ते चूक ठरवलं, पण पुन्हा परीक्षा घ्यायला नकार दिला. ती बातमी मी तीनदा वाचली, कारण गेलेला तास कोणी परत देत नाही हे मला दहावीपासून माहीत आहे.

खोट्या सर्टिफिकेटांचं म्हणाल तर २०१६ च्याच कायद्यात कलम ९१ आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी माहीत असेल तर तक्रार करा, माझ्या पोस्टखाली कशाला?

तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. कायद्यावर बोलायचं असेल तर परत या, जमेल तेवढं उत्तर देईन. पण इथे खाली दोन मुलांच्या आयांनीही कमेंट केल्यात, त्यांना यंदा रायटरसाठी अर्ज करायचाय, त्यांच्यापैकी कोणाला "रडगाणं" हा शब्द वापरलात तर मात्र लगेच ब्लॉक करीन.