राजकन्येच्या पलंगावरचा जखमी माणूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही लांबतंय. 'ला रेन मार्गो' (दिग्दर्शक पात्रिस शेरो, १९९४) या फ्रेंच चित्रपटावरचा माझा लेख वाचून तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे: चर्चमधलं लग्न तेवढं अस्सल, बाकी मसाला. पॅरिसमधल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीच्या रात्री रक्तबंबाळ माणूस नेमका राजकन्येच्याच दारात येतो, हे हिंदी सिनेमालाही लाजवणारं. राजाला रक्ताचा घाम फुटतो, हे हास्यास्पद. आणि कोण कोणाचा कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही.

गंमत अशी, की ज्या प्रसंगाला तुम्ही अस्सल म्हणता तोच सगळ्यात सैल आहे. १८ ऑगस्ट १५७२ला विधी झाला तो नोत्र दामच्या आत नाही, बाहेर उभारलेल्या मंचावर. नवरा, आँरी द नावार, प्रोटेस्टंट. तो कॅथलिक मिसेला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाविधीला, बसणार नव्हता. त्यामुळे आत मिसेच्या वेळी त्याच्या जागी नवरीचा भाऊ, आँजूचा ड्यूक, उभा राहिला. नवरी मार्गरीतने, म्हणजे सिनेमातल्या मार्गोने, आठवणींत आपला निळा झगा वर्णन केलाय: मागचा घोळ चार ओन, म्हणजे पावणेपाच मीटरच्या आसपास, आणि तो उचलायला तीन राजकन्या. राजाने, म्हणजे तिचा भाऊ नववा शार्ल याने, मान दाबून तिच्याकडून होकार वदवला, हे मात्र त्या आठवणींत कुठेच नाही. ती नंतरच्या इतिहासकारांची भर.

आता तो जखमी माणूस. तो खरा आहे. २४ ऑगस्टच्या पहाटेबद्दल ती लिहिते: दारावर हातापायांनी धडका, "नावार! नावार!" अशी हाक. दाईला वाटलं नवराच आला, म्हणून तिने दार उघडलं. आत घुसला तो कोपरावर तलवारीचा आणि दंडावर भाल्याचा घाव घेतलेला एक सरदार, मागे चार शिपाई. त्याने थेट तिच्या पलंगावर उडी घेतली. ती पलंग आणि भिंतीच्या मधल्या बोळात पडली, तो तिला कवटाळून तिच्यामागोमाग. शिपाई त्याच्यासाठी आलेत की आपल्यासाठी, हेही तिला कळेना. दोघंही सारख्याच भीतीने ओरडत होते. तेवढ्यात पहाऱ्याचा कप्तान नाँसे आला आणि तो देखावा बघून त्याला हसू आवरेना! तिने त्या माणसाचा जीव मागून घेतला, आपल्या खोलीत झोपवून मलमपट्टी करवली आणि रक्ताने माखलेला स्वतःचा झगा बदलला.

शेरोने काय केलं? तो हसणारा कप्तान बाजूला ठेवला आणि जखमी माणसाला तिचा प्रियकर ला मोल करून टाकलं. ही जोडणी मुळात आलेक्सांद्र द्यूमाच्या १८४५च्या कादंबरीतली. खरा ला मोल कॅथलिक होता आणि धाकट्या राजपुत्राच्या, आलाँसोंच्या, पदरी होता. त्याचं मुंडकं उडवलं ३० एप्रिल १५७४ला, ते प्रेमापायी नव्हे, राजद्रोहाच्या कटात सापडला म्हणून. त्याच्याकडे सुई टोचलेली मेणाची बाहुली मिळाली होती. फिर्यादींच्या मते ती राजाची, त्याच्या मते एका स्त्रीला वश करायला केलेली. ही बाहुली सिनेमात हवी होती असं राहून राहून वाटतं.

रक्ताच्या घामाचं म्हणाल तर तो दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेला नाही. नवव्या शार्लच्या अंगातून रक्त पाझरलं, हे त्या काळातल्या प्रोटेस्टंट लेखनात येतं. कत्तलीची शिक्षा म्हणून. तो गेला ३० मे १५७४ला, चोविशी पुरी व्हायच्या आत, क्षयाने. कादंबरीत मात्र सोमल (आर्सेनिक) लावलेलं शिकारीचं पुस्तक, बोट ओलं करून पानं उलटायची आणि मरायचं. सोमलाने उलट्या-जुलाब होतात, पोटात मुरडा येतो. शुभ्र सदरा हळूहळू लाल होत नाही. इथे तुमचं बरोबर, आणि लेखात मी विषप्रयोग इतिहास असल्यासारखा लिहिला होता, तो दुरुस्त करतो. (शार्लने स्वतः शिकारीवर एक ग्रंथ लिहिला होता, तो छापला गेला १६२५मध्ये. द्यूमाने हत्यार नेमकं निवडलं.)

म्हणजे सिनेमात एकाच राजाच्या मृत्यूत प्रोटेस्टंटांची शिक्षा आणि द्यूमाची विष पेरणारी आई, म्हणजे राजमाता कातरीन, अशा दोन गोष्टी मिसळल्यात. तुम्ही खरा वार इथे करायला हवा होता. विर्ना लीसीची कातरीन पडद्यावरून नजर हलू देत नाही, कान चित्रपट महोत्सवात लीसीला पुरस्कारही मिळाला, पण ही कातरीन पहिल्यापासून खलनायिकाच. प्रत्यक्षात हे लग्नच दोन पक्षांचा समेट टिकावा म्हणून तिने जुळवलं होतं. २२ तारखेला प्रोटेस्टंटांचा पुढारी कोलिन्यी याच्यावर गोळी झाडणाऱ्यामागे कोण, यावर इतिहासकार अजून भांडतात. सिनेमाला तो प्रश्न पडतच नाही.

कोण कोणाचा कोण, याचा दोष मात्र त्या घराण्यांच्या माथी. आँरी तीन आहेत: नावार हा नवरा, गीझ हा जुना प्रियकर, आणि आँजू हा भाऊ, शार्लनंतर गादीवर येणारा. सबटायटलमध्ये नुसतं 'आँरी' आलं की घोळ होणारच. शिवाय अमेरिकेत लागलेली प्रत मूळ फ्रेंच प्रतीपेक्षा आखूड आहे. मूळ प्रत दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास भरते. तुम्ही पाहिलेली त्याहून बरीच कमी असेल, तर काही दुवे तिथेच गळालेत.