पीके बॅनर्जी म्हणजे नुसतं 'व्होकल टॉनिक' नव्हे

भारतीय फुटबॉलवर बोलणं निघालं की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: प्रदीपकुमार बॅनर्जी ऊर्फ पीके चांगले खेळाडू असतील, पण कोलकात्याच्या मोठ्या क्लबांनी त्यांना कधी घेतलं नाही. प्रशिक्षक म्हणून त्यांना संघ तयार मिळाले. डावपेच त्यांच्याकडे नव्हतेच, ड्रेसिंग रूममध्ये जोरदार भाषण ठोकायचं (हेच ते 'व्होकल टॉनिक'), एवढंच त्यांचं भांडवल. 1997 ची ती प्रसिद्ध डर्बी, म्हणजे ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान सामना, तीसुद्धा त्यांनी भाषणावरच जिंकली.

यातला 'मोठ्या क्लबांचा' मुद्दा आधी निकालात काढू. पीके मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून खेळले नाहीत, हे खरं. आधी आर्यन आणि 1955 पासून रेल्वेची नोकरी करत ईस्टर्न रेल्वे. पण 1958 मध्ये याच ईस्टर्न रेल्वेनं कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन सोडून दुसऱ्या कुणी ही लीग पुन्हा जिंकायला 2019 साल उजाडलं. तेव्हा ती पीअरलेसनं जिंकली. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला भारतीय संघ, 1960 ला रोममध्ये कर्णधारपद आणि फ्रान्सविरुद्ध 1-1 बरोबरीतला गोल, 1962 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चार गोल आणि त्यातला एक दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात: ही सगळी कामगिरी रेल्वेच्याच खेळाडूची. 1961 चा अर्जुन पुरस्कारही त्यालाच.

आता 'तयार संघ'. ईस्ट बंगालनं 1970 आणि 1971 ची लीग पीके प्रशिक्षक म्हणून येण्याआधीच जिंकली होती, हे कबूल करायला हवं. पण 1972 मध्ये त्यांच्या हाताखाली हाच संघ अख्ख्या लीगमध्ये एकही गोल न खाता विजेता ठरला. नुसत्या आवेशानं एखादा गोल जास्त होतो. पण अख्खा मोसम गोल न खाणं म्हणजे चेंडू गेल्याबरोबर कोण मागे येणार, कोण कुणाला धरणार, कॉर्नरला कोण कुठे उभा राहणार, हे दर सामन्यात तसंच्या तसं घडणं. ते रोजच्या सरावाचं काम आहे. त्याच वर्षी या संघानं मुंबईत येऊन कूपरेजवर रोव्हर्स कपही घेतला, मोहन बागानबरोबर संयुक्तपणे. पुढच्या वर्षी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्योंगयांग सिटी संघाला 3-1 हरवलं. 1975 मध्ये सलग सहावी लीग आली आणि मोहमेडनचा 1934 ते 1938 या सलग पाच विजेतेपदांचा विक्रम मागे पडला. त्याच मोसमात 30 सप्टेंबरला शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर 5-0.

'तयार संघ' या म्हणण्याला खरं उत्तर मात्र पुढच्या वर्षात आहे. 1976 मध्ये पीके समोरच्या गोटात गेले. ज्या ईस्ट बंगालला त्यांनी चार वेळा लीग जिंकून दिली होती, त्याच संघाची मालिका मोहन बागाननं त्यांच्या हाताखाली तोडली. लीगमधल्या त्या डर्बीत महंमद अकबरचा गोल सुरुवातीनंतर 17 सेकंदांत झाला. सेंटर झाल्याबरोबर चेंडू बाजूला उलगनाथनकडे, त्याचा क्रॉस आणि अकबरचा हेडर. बचावफळी अजून आपल्या जागा घेत असते, पहिल्या लाथेनंतर कोण कुणावर हे ठरलेलं नसतं, त्या दोन-चार श्वासांतच हा डाव साधतो. विंगरनं चेंडू पायात अडवून ठेवला किंवा आघाडीवीर गोलसमोर उशिरा पोचला, की संपलं. पीके स्वतः उजव्या बगलेवरचे खेळाडू होते. क्रॉस कधी सोडायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

1977 मध्ये तर लीगच्या डर्बीत मोहन बागान 0-2 हरलं. भाषणच पुरेसं असतं तर तिथेही चाललं असतं की! पण त्यानंतर याच संघानं शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याआधी 24 सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉस या अमेरिकन क्लबशी 2-2. 'तो प्रदर्शनी सामना होता, पेले मनापासून खेळलाच नाही,' असं म्हटलं जातं. पेले 36 वर्षांचा होता आणि पावसानं मैदान निसरडं झालं होतं, हे खरंच. पण कॉसमॉस त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा विजेता होता. कार्लोस आल्बेर्तोच्या गोलनंतर श्याम थापा आणि हबीबनं गोल करून मोहन बागानला आघाडी मिळवून दिली, बरोबरी झाली ती किनालियाच्या पेनल्टीवर. पेलेवर गौतम सरकारला लावलं होतं. ही नेमणूक भाषणात होत नाही.

मग 1997. 13 जुलै, फेडरेशन कपचा उपांत्य सामना, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये 1,31,781 प्रेक्षक. पीके आता पुन्हा ईस्ट बंगालचे प्रशिक्षक; मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त, ते ईस्ट बंगालचेच जुने खेळाडू. त्यांची 'डायमंड' पद्धत ही पोकळ बढाई होती असं समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर तिनं 6-0 असा विजय मिळवून दिला होता. पद्धतीचं गणित असं: मधल्या फळीत हिऱ्याच्या आकारात माणसं वाढवायची, बाजूच्या खेळाडूंनी वर चढायचं, बचावफळीनं पुढे सरकून मैदान आखूड करायचं. चेंडू आपल्याकडे असेपर्यंत समोरच्याला श्वास मिळत नाही. पण मध्यभागी चेंडू हातचा गेला की दोन्ही बगला मोकळ्या आणि बचावाच्या पाठीमागे मोठी पोकळी. तिथे वेगाचा आघाडीवीर सुटला तर गोलरक्षक एकटा पडतो.

बायचुंग भुतियाकडे तो वेग होता. नझीमुल हकनं पहिला गोल केला, बायचुंगनं तीन. चिमा ओकोरीनं एक परत केला. 4-1. सामन्याआधी दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावं घेऊन टिंगल केली होती आणि पीकेंनी तिचा उपयोग मुलांना पेटवायला केला, हे नाकारायचं कारण नाही. पण पेटलेला संघ सहसा पुढे धावत सुटतो, आणि डायमंडला नेमकं तेच हवं असतं. ईस्ट बंगालनं धीर धरला, चेंडू जिंकला की लगेच मागच्या पोकळीत टाकला. पुढे अंतिम सामन्यात साळगावकरकडून हाच संघ 1-2 हरला. प्रशिक्षकही तेच होते आणि त्यांचा आवाजही तोच.

राष्ट्रीय संघाला पीकेंनी पदक मिळवून दिलं नाही, ही तक्रार अर्धी मान्य. ते प्रशिक्षक असताना 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पदक आलं नाही. पण गटात बांगलादेश आणि मलेशियाला हरवून, चीनशी 2-2 बरोबरी करून तो संघ पुढे गेला होता, आणि उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून 0-1 हरला तो सामन्याच्या अगदी शेवटी. नंतर 1991 पासून 1997 पर्यंत पीके जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तांत्रिक संचालक होते. तिथल्या पोरांना सामन्याआधीचं भाषण नको असतं. त्यांना चेंडू पायाच्या कुठल्या भागानं थांबवायचा, हे रोज शिकवावं लागतं.