पेटंटची मुदत आणि वॅटचे इंजिन

पेटंटचे संरक्षण नसते तर संशोधनावर कोणी पैसा लावलाच नसता, असे आमचा वकील मित्र ठामपणे म्हणाला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटले. यंत्ररचनेत वर्षे घालवलेल्या अभियंत्या मित्राला हे पटेना. पेटंटमुळे शोध लागतात की लागलेल्या शोधाची पुढची वाट अडते, हे आधी तपासायला हवे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याने दाखला दिला जेम्स वॅटचा. त्याच्या आधीच्या, न्यूकोमेनने बनवलेल्या वाफेच्या इंजिनात सिलिंडर दर खेपेला गार करून पुन्हा तापवावा लागे आणि त्यात कोळसा वाया जाई. वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याच्या वॅटच्या कल्पनेला १७६९ मध्ये पेटंट मिळाले आणि ब्रिटिश पार्लमेंटने १७७५ मध्ये त्याची मुदत थेट १८०० पर्यंत वाढवली. त्या काळात जोनाथन हॉर्नब्लोअरने दोन सिलिंडरांचे इंजिन बांधले, पण वॅटच्या हक्कापुढे त्याचे काही चालले नाही. याउलट मुदत संपल्यानंतर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींतील इंजिनांची कामगिरी १८११ पासून दरमहा छापून प्रसिद्ध होऊ लागली, अभियंते एकमेकांच्या सुधारणा उघडपणे उचलू लागले, आणि काही दशकांत तेवढ्याच कोळशात होणारे काम दुपटीहून अधिक वाढले. मला स्वतःला हा दाखला फार मोलाचा वाटतो, कारण स्पर्धक असूनही माणसे ज्ञान वाटून घेतात, हे त्यात स्पष्ट दिसते.

वकील मित्राने मात्र नेमक्या जागी बोट ठेवले. वॅटचा पहिला भांडवलदार रोबक १७७३ मध्ये दिवाळखोर झाला होता. पुढे बोल्टन या उद्योजकाने त्याचा वाटा घेतला आणि कारखाना उभा केला, तो लांब मुदतीच्या हक्काच्या भरवशावरच. कल्पना कागदावर होती, पण ती खाणीत चालती करायला पैसा लागला.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने यातली मूळ अडचण सांगितली. ज्ञान वापरल्याने संपत नाही, म्हणून ते अडवणे हे समाजाचे नुकसान असते. पण ते निर्माण करण्याचा खर्च कोणी तरी भरून काढावाच लागतो. नव्या औषधाच्या चाचण्यांना प्रचंड खर्च येतो आणि रेणूची नक्कल त्या मानाने सोपी असते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र एकेक सुधारणा आधीच्या शेकडो सुधारणांवर उभी असते. तरीही १९९५ मध्ये अमलात आलेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरील आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्व क्षेत्रांना सरसकट अर्जापासून किमान वीस वर्षांची मुदत आहे. माझ्या मते खरी चूक इथे आहे.

मुदत कमी केली तर लोक शोध उघड न करता गुपित ठेवतील, असा इशारा वकील मित्राने दिला. त्यावर मैत्रिणीने सुचवले की नूतनीकरणाचे शुल्क दरवर्षी अधिक वेगाने वाढवावे, म्हणजे ज्या पेटंटचा उपयोग उरलेला नाही ती आपोआप सुटतील. मोठ्या कंपन्या ते सहज भरतील आणि एकटा संशोधक मात्र बाहेर फेकला जाईल, अशी शंका अभियंत्याने काढली. शुल्क अर्जदाराच्या ऐपतीनुसार ठरवता येते आणि अनेक देश लहान अर्जदारांना सवलत देतातच, हे वकील मित्राने मान्य केले. पण पेटंटमध्ये केलेल्या दाव्यांची व्याप्ती कोणी आणि किती काटेकोरपणे तपासायची, यावर दोघांचे शेवटपर्यंत जमले नाही.