दुपारी बारानंतर या

आज सकाळी सातच्या सुमारास फोंड्याला एका लॉजच्या पायऱ्यांवर एक वृद्ध बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. मुलगा आणि सुनेबरोबर मुंबईहून रात्रीच्या बसने कुलदेवतेच्या दर्शनाला आल्या होत्या. खोलीचे पैसे आधीच भरलेले होते, तरी आतून उत्तर मिळाले होते की चेक-इन बाराला. मी स्कूटर थांबवली, काउंटरवर गेले आणि निदान बाथरूम तरी उघडून द्या, असे सांगितले. थोडी कुरकुर झाली आणि किल्ली मिळाली. त्याला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. घरी परतल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही, कारण त्या पायऱ्यांवर मला माझे बाबा दिसत होते.

गेल्या फेब्रुवारीत बाबांना घेऊन मी टाटा रुग्णालयात गेले होते. बाबांचे वय 78, घशाचे दुखणे, गिळायचे ते फक्त पातळ. गोव्यातल्या कितीतरी घरांना ही वाट पाठ आहे. संध्याकाळी मडगावला कोकणकन्येत बसायचे, पहाटे अंधारातच दादरला उतरायचे आणि परळ गाठायचे. 1941 पासून हे रुग्णालय तिथे उभे आहे आणि त्याच्यासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय वंशाच्या शल्यविशारदाचे नाव आहे, हे बाबांनीच मला गाडीत सांगितले. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. एक दिवस विश्रांती मिळावी म्हणूनच आदल्या दिवशीची खोली घेतली होती.

सहा वाजता आम्ही हॉटेलात पोहोचलो. "मॅडम, बारानंतर या. आत्ता हवी असेल तर अर्ध्या दिवसाचे भाडे जास्त पडेल." म्हणजे खोली रिकामी होती. बाबांनी तो आकडा ऐकला आणि माझा हात धरून मला मागे ओढले. इतके पैसे कशाला, बसू या इथेच. त्या क्षणी मी त्यांचे ऐकायला नको होते, हे मला अजून डाचते.

बाबा सहा तास लॉबीतल्या सोफ्यावर बसले. फाइल भिजू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी मांडीवर धरली होती. आठच्या सुमारास त्यांना ग्लानी आली, तेव्हा त्यांनी चपला काढून सोफ्याच्या पायाशी नीट जोडून ठेवल्या आणि पाय वर घेतले. लगेच काउंटरवरून आवाज आला, "काका, पाय खाली." माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कोणाकडून असे ऐकून घेतलेले नाही. त्यांनी मुकाट्याने पाय खाली घेतले आणि पुन्हा चपला घातल्या.

हॉटेलवाल्यांची बाजू मला माहीत आहे. आधीचा पाहुणा निघाल्याशिवाय खोली झाडता येत नाही, चादरी बदलायला माणसे कमी असतात आणि एकाला सवलत दिली की दहा जण मागतात. ठीक आहे, मान्य. परंतु गोव्याच्या रात्रीच्या गाड्या आणि बसेस मुंबईत पहाटे किंवा सकाळी पोहोचतात, हे दादर-परळच्या हॉटेलवाल्यांना माहीत नाही काय? परतीची कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि खोली मात्र सकाळी अकराला सोडावी लागते. येताना सहा तास आणि जाताना बारा तास माणूस सामानासकट रस्त्यावर, आणि भाडे पुऱ्या दिवसाचे! पूर्वी कितीतरी लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असायचा, तुम्ही आलात तेव्हापासून दिवस मोजायचा. रेल्वेच्या रिटायरिंग रूमसुद्धा बारा तासांसाठी मिळतात. ज्यांना करायचे असते त्यांना जमते.

आपल्याकडे हे कोणाला शिकवावे लागत नाही. मंगेशीला, कवळ्याला, रामनाथीला देवळाच्या आवारात अग्रशाळा का बांधल्या? लांबून आलेल्या माणसाला आधी हातपाय धुवायला पाणी आणि टेकायला जागा लागते, एवढे बांधणाऱ्यांना कळत होते म्हणून. मुंबईतसुद्धा धोबीतलाव आणि माझगाव भागात आपल्या गावोगावच्या ख्रिस्ती बांधवांनी कूड चालवले. बोटीवर नोकरीला जाणारा तारवटी आपली पेटी घेऊन गावाच्या कुडात उतरायचा आणि थोडक्या पैशांत त्याला पाठ टेकायला जागा मिळायची. परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आजही रुग्णांसाठी झटत आहेत. आम्हाला त्या वेळी तिथे जागा मिळाली नाही, कारण आमच्याहून गरजू माणसे रांगेत होती, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पैसे मोजून उतरलो तिथे माझ्या बाबांना पाय वर घेता आले नाहीत, ही माझी तक्रार आहे.

दहाच्या सुमारास बाबांना पेज द्यायची वेळ झाली. घरून थर्मासात गाळून आणली होती, पण चमचा सामानात खाली गेला होता. काउंटरवर मागितला, तर रेस्टॉरंट अजून उघडायचे आहे, असे कळले. तेव्हा फरशी पुसणारा एक मुलगा, विशीतला असेल, बादली बाजूला ठेवून आत गेला आणि चमचा, वाटी व गरम पाण्याचा पेला घेऊन आला. बाबांची पेज संपेपर्यंत तो तिथेच घुटमळत राहिला. त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याचे नाव विचारायचे राहून गेले. आता हे लिहिताना माझा राग थोडा ओसरला आहे, तो त्याच्यामुळे.

मी काउंटरवरच्या माणसाशी भांडायला उठले होते, तेव्हा बाबांनीच अडवले. त्यांना बोलताना त्रास होत होता, तरी म्हणाले, "जांव दी गो, तांणीं तरी कितें करचें?" बाबा क्षमा करू शकतात. मला ते अजून जमलेले नाही. काउंटरवरचा तो मुलगा वरून आलेला नियम पाळत होता, हे मला कळते, पण पाय खाली घ्यायला सांगणारा नियम वरून आलेला नव्हता.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. या वेळी मी दुसरे हॉटेल घेतले आणि आदल्या रात्रीपासूनचे भाडे भरले आहे, म्हणजे आम्ही गाडीत असू त्या रात्रीचेसुद्धा. काल फोन करून सांगितले की बाबा पहाटे पोहोचतील, त्यांना लगेच आडवे व्हावे लागेल, खोली उघडी ठेवा. पलीकडचा माणूस म्हणाला, "आल्यावर बघू." आज संध्याकाळी मी पुन्हा फोन करणार आहे, आणि निघण्याच्या दिवशी मडगावहून आणखी एकदा.