मडी वॉटर्स थांबला होता

डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या एका गल्लीत पिठाची गिरणी होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली, पायऱ्या तेवढ्या राहिल्या. त्या तीन पायऱ्या म्हणजे आमचा कट्टा. गेल्या गुरुवारी तिथे जे बोलणं झालं ते लिहून ठेवतोय, कारण तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

विषय मीच काढला. चार महिन्यांपूर्वी ऑफिसातून येताना फोनवर एक गाणं संपून आपोआप दुसरं लागलं. ‘अ मिलियन माइल्स अवे’, आयरिश गिटारवादक-गायक रोरी गॅलाहर, 1974 सालच्या आयर्लंड दौऱ्यातलं. सुरुवातीच्या गिटारलाच मी बसल्या जागी ताठ झालो. मधे तो बँडला हळूहळू खाली आणतो, जवळजवळ कुजबुजीपर्यंत, आणि तिथून गिटार परत वर चढायला लागते. गाणं संपलं तेव्हा मी डोंबिवली सोडून कल्याणला पोचलो होतो. तेव्हापासून रोज रोरी. आणि रोज एकच हळहळ: एकोणपन्नासाव्या वर्षी हा माणूस मला भेटतोय? तो तर 14 जून 1995 ला लंडनच्या हॉस्पिटलात वारला, यकृत बदलल्यानंतर झालेल्या जंतुसंसर्गानं. वय 47. म्हणजे मी आज त्याच्यापेक्षा मोठा आहे.

हे सगळं मी भरभरून सांगितलं. ‘गॅलाघर’ म्हणत होतो, तर सायलीनं दुरुस्त केलं, “दादा, तो जी-एच फक्त लिहायचा. गॅलाहर.” सायली पंचविशीतली आहे, मुलांना गिटार शिकवते. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पक्के शास्त्रीय संगीतवाले. आणि पक्या माझा शाळेपासूनचा मित्र. पक्या त्या दिवशी चहाचा ग्लास हातात धरून नुसता बसला होता. मला वाटलं, दमलाय.

सायली म्हणाली, “उशीर झाला म्हणून एवढं काय वाईट वाटून घ्यायचं? ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ज्या संगीतातून रोरी आला त्यात, सगळेच उशिरा पोचलेत. गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन घे. 1936 आणि 1937 मध्ये मिळून 29 गाणी रेकॉर्ड केली, 1938 च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होता. तो भरवणाऱ्या जॉन हॅमंडला तिथे जॉन्सन हवा होता, शोध घेतला तर कळलं की तो आता नाही. चार महिन्यांनी चुकला! आणि जगानं त्याला खरं ऐकलं ते 1961 मध्ये एलपी निघाल्यावर.”

“आणि मिसिसिपी जॉन हर्ट,” ती पुढे म्हणाली. “1928 मध्ये थोडी गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी विकली गेली नाहीत, हा परत शेतावर. 35 वर्षं. मग त्याच्याच एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून टॉम हॉस्किन्स नावाच्या पोरानं जुन्या नकाशात ॲव्हलॉन शोधलं आणि तिथे जाऊन पोचला. म्हातारा तिथेच होता. त्याच वर्षी, 1963 मध्ये, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर वाजवलं त्यानं.”

पक्या पहिल्यांदा बोलला. “तो होता तिथे. तोच तर फरक आहे.”

“म्हणजे?”

“हर्टला लोक उशिरा पोचले, पण पोचले. तीन वर्षं मिळाली त्याला, 1966 पर्यंत. माणसांनी त्याच्यासमोर बसून ऐकलं, त्यानं त्यांच्याकडे बघून वाजवलं. याला म्हणतात उशीर. रोरीच्या बाबतीत हा जे म्हणतोय तो उशीर नाही, ते संपल्यानंतरचं आहे. आता हा कितीही ऐकू दे, रोरीला त्याचं काही नाही.”

पक्याच्या बोलण्यात धार होती. मला ती लागली, पण मी तेव्हा विषयातच अडकलेलो. मी म्हटलं, “पण दोष माझा एकट्याचा नाही. तो नावाजलेलाच नव्हता इकडे. जिमी हेंड्रिक्सला कोणी विचारलं होतं, जगातला सर्वश्रेष्ठ गिटारवादक असणं कसं वाटतं, तर तो म्हणाला—”

“‘रोरीला विचारा’,” सायलीनं पूर्ण केलं. “दादा, ते सोड. तेच वाक्य टेरी कॅथच्या नावानंही फिरतं, फिल केगीच्याही. माणूस बदलतो, वाक्य तेच. रोरीला अशा प्रमाणपत्राची गरजच काय? खरी गोष्ट हवी तर ब्रायन मेची आहे. तो क्वीन बँडचा गिटारवादक. क्वीन निघायच्या आधी हा पोरगा लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोरीला ऐकायला जायचा. कार्यक्रम संपल्यावर थांबून त्यानं विचारलं, हा आवाज काढता कसा. रोरीनं काही न लपवता सांगितलं: व्हॉक्सचा एसी थर्टी ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आधी ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा, वाढवणारी एक छोटी डबी. ब्रायन मेनं तेच घेतलं आणि आयुष्यभर वापरलं. ही गोष्ट मे स्वतः सांगतो.”

हे मला माहीत नव्हतं. क्वीन मी कॉलेजपासून ऐकतोय. म्हणजे रोरीचा आवाज इतकी वर्षं मागच्या दारानं माझ्या घरात येत होता.

नावाजलेला का नव्हता, याचं उत्तर मात्र सायलीकडे होतं आणि मला ते पटतं. रोरी सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची सुटी रेकॉर्ड, काढायला तयार नसायचा. रेडिओसाठी गाणं कापून तीन मिनिटांचं करायचं हे त्याला मान्यच नव्हतं. मंच हेच त्याचं घर. 1975 च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्सनी त्याला रॉटरडॅमला बोलावलं होतं, त्यांचा गिटारवादक मिक टेलर सोडून गेला होता म्हणून. काही रात्री वाजवलं, त्यांच्याकडून स्पष्ट होकार-नकार येईना, आणि याचा जपानचा दौरा ठरलेला. हा जपानला गेला. तिकिटं काढलेल्या माणसांना शब्द दिला होता, एवढा हिशोब त्याला पुरेसा होता.

नाना इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, “अरे, नुसतं बोलताय काय, लावा की.” सायलीनं तिचे मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले. नानांनी डोळे मिटले. पाचेक मिनिटं कोणी बोललं नाही. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती, मग थांबली.

“हा गातो आणि गिटार त्याच्या मागून तेच म्हणते,” नाना म्हणाले. “गवयामागे सारंगी चालते तशी. पण गवईही हाच आणि सारंगीवालाही हाच. आणि तार वाकवून सुरावर जातो ना, सरळ उडी मारत नाही. वाटेतलं सगळं दाखवत जातो. मधे तो आवाज आत-बाहेर होतो ते काय आहे?”

“गिटारवरचंच आवाजाचं बटण फिरवतो, नाना. वाजवता वाजवता करंगळीनं.”

“दुसरं यंत्र नाही?”

“फारसं नाही. एक गिटार.”

त्या गिटारबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1961 सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. 1963 मध्ये कॉर्कच्या क्रॉली यांच्या दुकानातून रोरीनं ती 100 पौंडांना घेतली, जुनी म्हणून, हप्त्यानं. वय 15. आईला समजावलं की या गिटारवर मी साथीची ऱ्हिदमही वाजवीन आणि मुख्य सुरांची लीडही, दुसरा गिटारवाला लागणार नाही, पैसे वाचतील. पुढे ती डब्लिनला चोरीला गेली आणि बऱ्याच दिवसांनी पावसात भिजलेली सापडली. तिचा रंग इतका उडाला की खालचं लाकूड उघडं पडलं. रोरीचा घामच इतका यायचा. त्यानं ती कधी रंगवली नाही, कधी विकली नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला लिलावात तिला 8 लाख 89 हजार पौंड आले, आणि ती आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.

पक्या म्हणाला, “हेच मी म्हणतोय. तुला गिटार काचेच्या पेटीत मिळाली.”

आता मात्र मला राग आला. मी म्हटलं, “पक्या, तुला झालंय काय? तू तरी कुठे बेलफास्टला गेला होतास?”

बेलफास्टचं नाव मी उगाच घेतलं नव्हतं. सत्तरच्या दशकात तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला संघर्ष पेटला होता, सतत स्फोट होत होते, बाहेरचे बँड जायचे बंद झाले होते. रोरी जात राहिला. मी कल्याणपर्यंत ऐकत गेलो ते गाणं ज्या अल्बममधलं, तो अशाच एका दौऱ्यातला, बेलफास्टचा अल्स्टर हॉल, डब्लिन आणि कॉर्क इथला. दोन्ही बाजूंची पोरं एका हॉलमध्ये एकत्र घामाघूम व्हायची. 2025 च्या जानेवारीत त्या हॉलजवळ त्याचा पुतळा बसवला. रोरीचा जन्म डोनेगलमधल्या बॅलीशॅननचा, वाढला तो कॉर्कमध्ये, तरी बेलफास्टनं त्याला आपला मानला तो या जाण्यामुळे.

पक्यानं ग्लास पायरीवर ठेवला. “नाही गेलो. पण 1994 मध्ये माझ्याकडे त्याची कॅसेट होती. आयरिश टूरचीच. माझा दादा बोटीवर होता तेव्हा त्यानं भरून आणलेली, नव्वद मिनिटांची. आणि ती मी तुला दिली होती.”

मी म्हटलं, “मला?”

“तुला. दिवाळीच्या सुट्टीत. चार दिवसांनी परत आणून दिलीस. म्हणालास, एक बाजूही पुरी ऐकवली नाही, नुसता गोंगाट आहे.”

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. कॅसेट नव्हे, पक्याच्या घराचा जिना आठवला, आणि खोक्यावर निळ्या शाईतलं त्याच्या दादाचं अक्षर.

“पुढच्या जूनमध्ये रोरी गेला,” पक्या म्हणाला. “मला कळलं ऑगस्टमध्ये, दादाच्या पत्रातून. तेव्हा कुठे इंटरनेट. पत्र वाचलं आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं. कोणाला सांगू? घरी कोणाला नाव माहीत नाही. कॉलेजात कोणाला नाही. तुलाच दिली होती ती कॅसेट, दुसऱ्या कोणाला दिलीच नव्हती.”

सायलीनं फोन खिशात टाकला. नानांच्या कानांवर हेडफोन तसेच होते, पण गाणं थांबलेलं.

चार महिने मी हळहळत होतो ती स्वतःसाठी. मला हा वेळेवर का मिळाला नाही, मी काय काय गमावलं. मिळाला होता. हातात दिला होता कोणीतरी. आणि गमावलं ते पक्यानं: तीस वर्षं तो एकटा ऐकत होता. ‘वॉक ऑन हॉट कोल्स’ या त्याच्या गाण्यातल्या त्या जागेला “वा!” म्हणून शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायची असते, त्याला शेजारच नव्हता. हे मी त्याला तसंच्या तसं बोलून दाखवलं. नीट जमलं नाही, पण बोललो.

पक्या म्हणाला, “मला तुझ्यावर राग नव्हता रे. तू आज ‘मी शोधला’ म्हणालास ना, तेव्हा आला.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

नानांनी हेडफोन काढले. “एक सांगा, या आयरिश पोराला तरी हे संगीत कुठून मिळालं? त्याच्या गावात तर कोणी वाजवत नसणार.”

“रेडिओवरून,” पक्याच बोलला, आणि त्याचा आवाज बदलला होता. “लहानपणी ब्रिटिश गायक लॉनी डोनेगनची गाणी ऐकायचा. ती मुळात कोणाची म्हणून शोधत गेला तर अमेरिकेतला काळा गायक लेडबेली सापडला. युरोपात अमेरिकन सैनिकांसाठी रेडिओ केंद्रं होती, त्यावर मडी वॉटर्स, अमेरिकन ब्लूजमधला मोठा माणूस. लेडबेली तर रोरी दोन वर्षांचा होण्याआधीच गेलेला. म्हणजे तोही समुद्रापलीकडून, मागाहूनच आलेला.”

“आणि मडी वॉटर्सला भेटला की नाही कधी?” नानांनी विचारलं.

“भेटला. 1971 च्या डिसेंबरात मडी लंडनला रेकॉर्डिंगसाठी आला होता, इंग्लंड-आयर्लंडच्या पोरांना घेऊन. रोरीला बोलावलं. पण रोरीचे रोज संध्याकाळी बाहेरगावी कार्यक्रम. कार्यक्रम संपवायचा आणि गाडी हाणत लंडन गाठायचं. एका रात्री पोचायला फार उशीर झाला. धावत स्टुडिओत शिरला, वाटलं सगळं आटपलं असणार. तर मडी थांबला होता. याच्यासाठी रेकॉर्डिंग थांबवून ठेवलं होतं.”

“केवढा होता हा तेव्हा?”

“तेवीस.”

नाना बराच वेळ मान हलवत राहिले. सायलीनं विचारलं, “पक्यादादा, ती कॅसेट आहे अजून?”

“आहे. बुरशी धरलीय. लागेलसं वाटत नाही.”

“माझ्याकडे टू-इन-वन आहे,” नाना म्हणाले. “हेड पुसून ठेवतो. फीत जरा पुढे-मागे फिरवून घेतली की चालतात त्या, माझ्या कितीतरी चालल्यात.”

“तुटली तर?”

“तुटली तर जोडू.”

रविवारी सकाळी साडेनऊला नानांकडे जमायचं ठरलंय. पक्या म्हणाला, पहिली बाजू सुरुवातीपासून लावायची. मी म्हटलं, दुसरीही.