भीक देणाऱ्यावर गुन्हा? महाराष्ट्रात असा कायदा नाही

‘भीक दिलीत तर गुन्हा दाखल होईल’ हा मेसेज महाराष्ट्राच्या नावाने फिरतोय. तो चुकीचा आहे. २०२५च्या सुरुवातीला इंदूर आणि भोपाळमध्ये तसे आदेश निघाले होते. मूळ बहुधा तिथलंच. आपल्याकडच्या १९५९च्या भिक्षा प्रतिबंध कायद्यात भीक मागणाऱ्याला पकडता येतं, मागायला लावणाऱ्याला शिक्षा होते. देणाऱ्याला शिक्षा नाही.

काल सिग्नलला एक आजी रिक्षाजवळ आल्या. शेजारच्या ताईंनी काढलेलं दहाचं नाणं मेसेज आठवून पुन्हा पर्समध्ये टाकलं. आजी हात तसाच धरून उभ्या. फार वाईट वाटलं.

द्यायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. म्हाताऱ्या माणसांना मी देतो. लहान मूल हात पसरताना दिसलं, तर मात्र पैसे न देता १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.