कॉलेजचे पहिले वर्ष: न जाता कसे पूर्ण करावे

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आणि ज्या काकांना तुम्ही नक्की कोणत्या इयत्तेत आहात हे गेल्या दहा वर्षांत कधी आठवले नव्हते, त्यांनीही ‘मग, पुढे काय?’ असे विचारून घेतले. विद्यार्थी मित्रहो, आता तुम्ही अकरावीत, म्हणजेच कॉलेजात जाणार. या वळणावर मोठ्या माणसांनी सल्ला द्यायचा असतो आणि तो पुण्यात न मागता द्यायचा असतो. या विषयातला माझा अधिकार एवढाच की माझी कोथरूडची भाची हे वर्ष, आणि नुकतीच पाठोपाठ बारावीही, यशस्वीरीत्या पार पाडून बसली आहे. अकरावीच्या वर्षात ती एकूण नऊ वेळा कॉलेजात गेली. त्यांपैकी दोन खेपा ओळखपत्रासाठी होत्या, कारण पहिल्या ओळखपत्रावर फोटो दुसऱ्याच मुलीचा आला होता आणि ही गोष्ट तिच्या वर्गातील कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता नव्हती.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. ‘कॉलेज’ या एका शब्दाने आता दोन निरनिराळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एक ती, जिचे नाव गुणपत्रिकेवर छापले जाते. आणि दुसरी ती, जिथे तुम्ही सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत वातानुकूलित खोलीत शंभर जणांसह बसता. दुसरीला क्लास म्हणतात. या दोहोंमध्ये जो सलोख्याचा करार होतो त्याला ‘टायअप’ म्हणतात, आणि त्यातून जे अपत्य जन्माला येते त्याला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव आहे. प्रवेशाच्या वेळी कॉलेजचे ग्रंथालय कसे आहे, प्रयोगशाळा कशी आहे, शिकवते कोण, असले प्रश्न विचारून स्वतःचे अज्ञान उघडे करू नये. ‘टायअप आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी आले, तर ते कॉलेज तुम्हाला दोन वर्षे कसलाही त्रास देणार नाही अशी खात्री बाळगावी.

अर्थात, क्लासची निवड दहावीच्या निकालानंतर करायची असते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना उशीर झालेला आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लासचालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, प्रवेश माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा, आणि चांगल्या गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. या सूचनांचा पूर्ण आदर राखूनच आठवीच्या मुलांच्या तुकडीला ‘फाउंडेशन’ म्हणतात, कारण पाया खणणे म्हणजे काही इमारत बांधणे नव्हे. हमीही कोणी देत नाही. फक्त चौकाचौकांत ज्यांचे फोटो लागले आहेत त्यांच्याकडे बोट दाखवले जाते. एकाच गुणवंताचा फोटो तीन निरनिराळ्या क्लासच्या फ्लेक्सवर दिसला, तर त्या मुलाच्या कष्टाळूपणाचे कौतुक करावे.

आता प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज. केंद्रीय पद्धतीने अकरावीचे प्रवेश करण्याचा लाभ पुणे-पिंपरी चिंचवडला बरीच वर्षे मिळत होता, आणि २०२५ पासून तो साऱ्या राज्याला देण्यात आला. अर्जाच्या दुसऱ्या भागात पसंतीक्रम भरायचा असतो: कमीत कमी एक कॉलेज, जास्तीत जास्त दहा. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते. नाकारले तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाद. पुण्यात लग्ने जुळवतानासुद्धा इतका कडक नियम कोणी पाळल्याचे ऐकिवात नाही.

माझ्या बहिणीच्या घरी हा अर्ज रात्री साडेदहाला जेवणाच्या टेबलावर उघडला गेला. मेहुण्यांना १९९१ साली फर्ग्युसनला प्रवेश मिळाला नव्हता, म्हणून त्यांच्या मते पहिले नाव फर्ग्युसनचेच हवे होते. बहिणीला स. प. ला मिळाला होता, म्हणून तिला स. प. च हवे होते. भाचीच्या आजीने ‘लांबचे नको गं बाई, पावसापाण्याचे दिवस’ असे म्हणून गरवारेचा पक्ष घेतला, तर बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर असलेल्या काकांनी गेल्या तीन वर्षांचे कटऑफ दशांश चिन्हानंतरच्या दोन स्थळांपर्यंत वाचून दाखवले. कोठून कोणती बस सुटते, मेट्रोतून उतरून किती चालावे लागते, डेक्कनला संध्याकाळी गर्दी किती असते, यावर दीड तास खल झाला. ज्या मुलीचे नाव याआधीच एका इंटिग्रेटेड तुकडीत नोंदवलेले होते आणि जिच्या दोन वर्षांच्या फीसाठी एक मुदत ठेव मोडूनही झाली होती, ती या सर्व वेळात मोबाइलवर पुढच्या रविवारच्या चाचणीचा अभ्यासक्रम पाहत होती. जिथे जायचेच नाही ते ठिकाण घरापासून किती लांब असावे, यावर एकमत होईना म्हणून अखेर दहाच्या दहा रकाने भरण्यात आले, आणि टायअप असलेले कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकून सगळे झोपायला गेले.

मेट्रोवरून आठवले. ६ मार्च २०२२ रोजी पुण्याची मेट्रो धावू लागली, तेव्हा तिच्या पहिल्या टप्प्यांपैकी एक वनाझ ते गरवारे कॉलेज असा होता. तेव्हापासून ऊनपाऊस न पाहता कॉलेजपर्यंत जाण्याचा तिचा नेम तुम्ही वरून, म्हणजे क्लासच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून, कौतुकाने पाहू शकता.

विषय निवडताना भावनेला थारा देऊ नये. राज्यातील सर्व शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, परंतु तो दहावीपर्यंतच लागू असल्याने अकरावीत तुमची सुटका होते. इंग्रजी अनिवार्य असते. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो आणि त्याची परीक्षा संगणकावर होते. दहा वर्षे ज्या भाषेत निबंध लिहिले तिच्या जागी संगणक बसवताना घरातील वडीलधारी मंडळी जरा हळहळतील. त्यांना ‘स्कोअरिंग आहे’ एवढेच सांगावे. या एका शब्दापुढे आमच्या पिढीने पुष्कळ गोष्टींवर पाणी सोडले आहे.

हजेरीचा प्रश्न मात्र गांभीर्याने घ्यावा, कारण शासन तो गांभीर्याने घेते. पंचाहत्तर टक्के उपस्थिती आवश्यक आहे. मुले क्लासला बसतात आणि कॉलेजचे वर्ग ओस पडतात हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. यंत्रे आली, अंगठे उमटले, आणि काही ठिकाणी यंत्रच मुलांच्या सोयीसाठी क्लासपर्यंत चालत गेले अशी कुजबुज मी ऐकली आहे. तिच्या खोलात मी शिरत नाही. ज्या गुरूने एक अक्षरही शिकवले नाही त्याला अंगठा देण्याची परंपरा आपल्याकडे एकलव्यापासून चालत आलेली आहे. त्याला तो एकदाच द्यावा लागला, तुम्हाला महिन्यातून चारदा, एवढाच काय तो फरक. त्यातूनही दिवस कमी पडले, तर ओळखीच्या डॉक्टरांकडून विषमज्वराचे प्रमाणपत्र आणावे. कावीळ शक्यतो टाळावी. मागच्या वर्षी एकाच तुकडीत ती फार झाली.

प्रात्यक्षिके हा या वर्षाचा खरा हृद्य भाग आहे आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे. विज्ञानाच्या विषयांत सत्तर गुण लेखी परीक्षेला आणि तीस प्रात्यक्षिकाला असतात. त्या तिसांसाठी जर्नल पूर्ण असावे लागते, आणि जर्नल पूर्ण असण्यासाठी प्रयोग करावा लागतो हा जुन्या लोकांचा भ्रम आहे. फेब्रुवारीतील एका रात्री भाची भौतिकशास्त्राचे जर्नल घेऊन बसली होती. समोर मागच्या वर्षीच्या कुणा मुलीचे जर्नल, शेजारी पट्टी, दोन रंगांची पेने आणि आजीने आणून ठेवलेले दूध. प्रयोग साध्या लोलकाचा होता. तिने आधी शेवटचे पान उघडले आणि गुरुत्वत्वरण ९८० असे लिहून टाकले. मग ती मागे मागे येत गेली. लोलकाची लांबी १०० सेंटीमीटर. वीस आंदोलनांना लागलेला वेळ, पहिल्यांदा ४०.१ सेकंद, दुसऱ्यांदा ४०.२, तिसऱ्यांदा पुन्हा ४०.१. ‘तिन्ही वेळा सारखे आले तर सरांना संशय येतो, मामा,’ तिने मला शास्त्रीय दृष्टिकोन समजावून दिला. उत्तर आधी, निरीक्षणे नंतर आणि प्रयोग कधीच नाही, या क्रमाने विज्ञानाची वाटचाल किती वेगाने होऊ शकते हे मी प्रथमच पाहत होतो. ‘तू लोलक पाहिला आहेस का?’ असे मी सहज विचारले. तिने मान वर न करता दिवाणखान्यातील पणजोबांच्या घड्याळाकडे बोट दाखवले. ते गेली काही वर्षे बंद आहे.

वाहनाशिवाय हे वर्ष निघत नाही, कारण सकाळचा क्लास एका टोकाला आणि डाउटसाठीचे सर दुसऱ्या टोकाला असतात. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना मिळतो असे कायदा सांगतो. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या क्षमतेची एकही दुचाकी नसली, तरी तो दोष तुमचा नाही. ११० सीसीच्या गाडीवर आईचे नाव असते आणि हेल्मेट डिकीत असते, ही पुण्याची रीत आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद २०१९ पासून आहे. परंतु हे वाक्य आईवडिलांना दाखवू नये, कारण मग त्यांना रोज पहाटे सोडायला यावे लागेल.

कॉलेजच्या आवारात चुकून जावे लागले, तर तेथील मोहांपासून सावध राहावे. त्यांतला सर्वांत जुनाट मोह म्हणजे पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा चांगल्या घरची मुले पावसाळ्यात तालमींच्या खोलीत ओढून नेत आली आहे, आणि भारत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ असे ओरडून बसलेला घसा पहिल्या चाचणीपर्यंत सुटत नाही. घरी कोणी जब्बार पटेलांचे किंवा मोहन आगाशे यांचे उदाहरण देऊ लागले, तर विषय बदलावा. दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि तरीही नाटकात शिरले. ‘डॉक्टर झाले’ एवढाच भाग घरात मोठ्याने बोलावा.

फर्ग्युसनमध्ये गेलात तर रँग्लर परांजप्यांचे नाव कानांवर पडेल. १८९९ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले, आणि परत येऊन त्याच कॉलेजात शिकवत राहिले, पुढे प्राचार्य झाले. त्यांनी कोणत्या क्लासची टेस्ट सिरीज घेतली होती याची नोंद मात्र कुठे सापडत नाही; त्यामुळे तो निकाल आजच्या काळात ग्राह्य धरता येणार नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वेगळा सल्ला नको; ‘सीए करतोय’ असे सांगितले की त्यांना कॉलेजविषयी कोणी काही विचारत नाही. कला शाखा घेणाऱ्यांना ‘मग यूपीएससी का?’ हा प्रश्न विचारला जातो. त्यांनी ‘हो’ म्हणावे आणि खुशाल रोज वर्गात जाऊन बसावे. पुढच्या बाकावर हवी ती जागा मिळते.

अभ्यासाचे म्हणाल, तर राज्याच्या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण वीस टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ऐंशी टक्के महत्त्व असते. याचा अन्वयार्थ क्लासमध्ये असा लावतात की अकरावी हे वर्ष वीस टक्केच जगायचे असते. बाकीच्या ऐंशी टक्क्यांत बारावी शिकवून होते. मग बारावीत बारावीची उजळणी होते, उजळणीची उजळणी होते, आणि अकरावीची वार्षिक परीक्षा मध्येच कधीतरी एखाद्या आठवड्यात उरकली जाते, जशी सत्यनारायणाच्या पूजेत पोथीची पाने दोन-दोन उलटली जातात. त्या परीक्षेत नापास होण्याची भीती बाळगू नये. तुमची फी दोन वर्षांची भरलेली आहे.

शेवटी बारावीचे हॉल तिकीट घ्यायला स्वतः कॉलेजात जावे लागते. त्या दिवशी ओळखपत्र न विसरता न्यावे आणि निघण्यापूर्वी नकाशात पत्ता पाहून घ्यावा. भाची चुकीच्या फाटकाशी उतरली होती. फाटकावरचा वॉचमन तुम्हाला ओळखणार नाही. त्याने तिलाही थांबवले, वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि फार मायेने सांगितले, ‘बाळा, नवीन प्रवेश जूननंतर. आत्ता ऑफिसात कोणी भेटणार नाही.’